चौकातला रडार: सिग्नलच्या मायक्रोवेव्ह डिटेक्टरमागचा इतिहास

सिग्नलच्या खांबावर, दिव्यांच्या वरच्या अंगाला, विटेएवढी एक डबी येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून बसवलेली असते. ही डबी म्हणजे मायक्रोवेव्ह डिटेक्टर. सिग्नलचे दिवे बदलणाऱ्या यंत्राला, म्हणजे कंट्रोलरला, ती एवढंच कळवते की या रस्त्याने वाहन येतंय किंवा येत नाही. ही डबी बसवताना होणाऱ्या बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो. जुना डॉपलर डिटेक्टर परत आलेल्या लहरीच्या वारंवारतेतला बदल मोजतो, म्हणजे फक्त हालचाल पाहतो, पण त्याच्याकडून थांबलेली गाडी ओळखण्याची अपेक्षा ठेवली जाते. हालचाल ओळखणं आणि हजेरी ओळखणं हा फरक सिग्नलच्या इतिहासात जवळजवळ शंभर वर्षं चालत आला आहे.

1914 साली अमेरिकेत क्लीव्हलंडला विजेचा सिग्नल लागला. तो शेजारच्या चौकीत बसलेला पोलीस हाताने चालवायचा, म्हणजे वाहन पाहण्याचं काम माणसाच्या डोळ्यांकडे होतं. पुढे ठरावीक वेळेवर आपोआप बदलणारे सिग्नल आले तेव्हा हा डोळा गेला. मुख्य रस्ता भरून वाहत असताना रिकाम्या आडरस्त्याला हिरवा मिळू लागला. त्यावर 1928 मध्ये बाल्टिमोरला चार्ल्स ॲडलर यांनी तोडगा काढला. आडरस्त्यावरच्या खांबाला डबीत मायक्रोफोन लावला, आणि चालकाने येऊन हॉर्न वाजवला की सिग्नल बदलायचा. शेजारपाजारच्या लोकांना याचा किती त्रास झाला असेल, याची कल्पना आपल्याकडच्या वाचकाला सहज येईल.

त्याच सुमारास हेन्री हॉ यांनी दाबाचा डिटेक्टर केला. रस्त्यात दोन धातूच्या पट्ट्या बसवायच्या, चाकाच्या वजनाने त्या एकमेकींना टेकल्या की विजेचा संपर्क जुळतो. हॉर्नपेक्षा ही युक्ती जास्त चालली आणि अमेरिकेत तीस वर्षांहून अधिक काळ मुख्य डिटेक्टर म्हणून टिकली. ब्रिटनमध्ये 1932 साली लंडनच्या कॉर्नहिल आणि ग्रेसचर्च स्ट्रीटच्या चौकात वाहनांच्या मागणीवर चालणारा, म्हणजे वाहन आल्याची खबर मिळाली की बदलणारा सिग्नल आला. तिथे हवेच्या दाबावर चालणाऱ्या रबरी नळ्या रस्त्यात बसवल्या होत्या.

या दाबाच्या डिटेक्टरने मागे ठेवलेल्या दोन गोष्टी आजही प्रत्येक कंट्रोलरमध्ये सापडतात. पट्टीवरून चाक गेलं की क्षणभर संपर्क जुळतो आणि तुटतो. गाडी पुढे जाऊन स्टॉप लाइनवर थांबली तरी पट्टीला त्याची खबर नसते. म्हणून ते वाहन लक्षात ठेवण्याचं काम कंट्रोलरवर आलं. लाल असताना एकदा मागणी नोंदली की हिरवा मिळेपर्यंत ती टिकवायची, याला मेमरी लॉक करणं म्हणतात. दुसरी गोष्ट म्हणजे ‘जुळलेला किंवा तुटलेला संपर्क’ हीच डिटेक्टरची भाषा ठरली. आजचा रडारही शेवटी एक रिले (विजेने ओढला जाणारा स्विच) हलवतो किंवा ऑप्टो-आयसोलेटरचं (प्रकाशाने चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचं) तोंड उघडतो-मिटतो. त्यामुळेच जुन्या कंट्रोलरला नवा डिटेक्टर जोडता येतो.

दाबाच्या पट्ट्यांचे हालही बरेच झाले. बर्फ ढकलणाऱ्या गाड्यांच्या पात्यांनी त्या उचकटल्या जायच्या, आणि रस्त्यावर नवा थर टाकायचा तर त्या पुन्हा बसवण्याचा खर्च यायचा. 1960 च्या दशकात इंडक्शन लूप, म्हणजे रस्त्यात पुरलेलं तारेचं वेटोळं, आला आणि त्याने मैदान मारलं. डांबरात करवतीने चर कापायचा, साधारण 2 मीटर बाय 2 मीटर चौकोनात तारेचे तीनेक वेढे घालायचे, बाहेर येणाऱ्या दोन तारांना पीळ द्यायचा, चर सीलंटने भरायचा. वर लोखंडाचं वाहन आलं की लूपचं इंडक्टन्स घटतं, ऑसिलेटरची वारंवारता बदलते आणि लूपला जोडलेलं इलेक्ट्रॉनिक कार्ड ते टिपतं. गाडी उभी आहे तोवर लूप ‘आहे’ म्हणत राहतो. हजेरी प्रथमच खात्रीने कळू लागली. आजही स्टॉप लाइनवर लूपची बरोबरी करणं सोपं नाही, हे रडारच्या चाहत्यांनीही मान्य करावं.

पण लूपचा जीव रस्त्याच्या पृष्ठभागात असतो. डांबर सरकलं, खड्डा पडला, केबलसाठी कुणी रस्ता खोदला किंवा नवा थर देण्यापूर्वी जुना खरवडून काढला, की तार तुटते. सीलंटला भेग पडून पाणी शिरलं की जमिनीकडे गळती होते आणि पावसाळ्यात डिटेक्टर उगाचच मागणी नोंदवू लागतो. ब्रिटनमध्ये प्रत्येक रस्त्यावर स्टॉप लाइनपासून साधारण 39, 25 आणि 12 मीटरवर लूपच्या तीन रांगा घालण्याची पद्धत होती. चार रस्त्यांच्या चौकात किती चर कापावे लागत आणि त्यासाठी वाहतूक किती वेळ अडवावी लागे, याचा हिशेब केला की खांबावरून तेच काम करणाऱ्या यंत्राची ओढ का लागली ते कळतं.

ते यंत्र सिग्नलच्याच घरातून आलं होतं. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातली ऑटोमॅटिक सिग्नल ही कंपनी वाहनांच्या मागणीवर चालणारे सिग्नल बनवायची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिचे जॉन बार्कर आणि बेन मिडलॉक यांनी उतरत्या विमानाचा खाली येण्याचा वेग मोजण्यासाठी डॉपलर रडार जुळवला. त्यात मायक्रोवेव्हच्या पोकळ्या म्हणून त्यांनी कॉफीचे डबे झाळून वापरले. 1947 मध्ये कनेटिकटच्या पोलिसांनी ग्लास्टनबरीत असा रडार रस्त्यावर तपासला आणि 1949 पासून त्यावर वेगाचा दंड होऊ लागला. चौकाचौकात लावण्याइतका स्वस्त आणि छोटा रडार मात्र गन डायोडनंतर शक्य झाला. आयबीएममध्ये जे. बी. गन यांना 1962 च्या सुमारास गॅलियम आर्सेनाइडच्या तुकड्याला व्होल्टेज दिलं की त्यातूनच मायक्रोवेव्ह निघतात, हा परिणाम दिसला. त्यापूर्वी मायक्रोवेव्ह निर्माण करायला तापणारी तार आणि उच्च विद्युतदाब मागणारी क्लायस्ट्रॉन नळी लागायची. तिच्या जागी काही व्होल्टवर चालणारा दाण्याएवढा घटक आला आणि दाराजवळच्या गजरापासून सिग्नलच्या खांबापर्यंत सगळीकडे पोचला. ब्रिटनमध्ये सिग्नलच्या माथ्यावर बसवायचे मायक्रोवेव्ह डिटेक्टर याच वाटेने रुळले आणि सुमारे 40 मीटरवरच्या लूपचं काम त्यांनी उचललं.

त्याचं गणित थोडक्यात पाहू, कारण बसवताना उद्भवणारे दोष त्यातूनच समजतात. परत आलेल्या लहरीच्या वारंवारतेत होणारा बदल म्हणजे वेगाची दुप्पट भागिले तरंगलांबी. 10.525 गिगाहर्ट्झच्या डिटेक्टरला ताशी 1 किलोमीटर वेगासाठी सुमारे 19.5 हर्ट्झ मिळतात, 24.125 गिगाहर्ट्झच्या डिटेक्टरला सुमारे 44.7. वाहन थांबलं की बदल शून्य, म्हणजे डिटेक्टरच्या दृष्टीने रस्ता रिकामा. त्यातही वेग मोजला जातो तो डिटेक्टरच्या दिशेने येणारा. मायक्रोवेव्हच्या झोताशी 60 अंशांच्या कोनात जाणाऱ्या वाहनाचा वेग निम्माच दिसतो, 90 अंशांत काहीच दिसत नाही. म्हणून हा डिटेक्टर येणाऱ्या वाहनाला शक्य तितका समोरून पाहील असाच बसवावा लागतो.

उंची साधारण 4 मीटर ठेवतात आणि रोख स्टॉप लाइनच्या मागे 25-30 मीटरवर. या मापात झोत जेमतेम 8 अंश खाली वाकतो. नवखा माणूस डबी फार खाली झुकवतो. मग ती स्टॉप लाइनजवळच्या, मंदावलेल्या गाड्या पाहते, आणि किमान वेगाची मर्यादा ताशी 8 किलोमीटरच्या आसपास असेल तर त्यातल्या बऱ्याच गाळते. आडव्या दिशेत झोत 15 अंशांचा असेल तर 30 मीटरवर त्याची रुंदी सुमारे 8 मीटर होते. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर एवढ्या झोतात समोरून दूर जाणारी वाहनंही येतात. म्हणून ‘येणारी’ आणि ‘जाणारी’ वाहनं वेगळी करणारा दिशेचा स्विच असतो. तो ‘दोन्ही’वर राहिला तर चौक ओलांडून पलीकडे गेलेलं प्रत्येक वाहन खोटी मागणी टाकतं.

जोडणीत फार काही नाही: कमी दाबाचा वीजपुरवठा, बहुधा 24 व्होल्ट, आणि रिलेच्या दोन-तीन तारा. केबल डबीत खालून शिरायला हवी. खांबात जाण्यापूर्वी तिला खाली लोंबणारा एक झोल द्यावा, म्हणजे पाणी केबलवरून ओघळून डबीत न जाता झोलाच्या टोकाला ठिबकतं. केबल डबीत शिरते तिथली ग्लँड (केबलभोवती आवळायची टोपी) घट्ट नसेल तर पहिल्याच पावसात आतलं बोर्ड गंजून हिरवं पडतं. रिलेची बाजू फार काळजीने निवडावी लागते. डिटेक्टर चालू आणि रस्ता मोकळा असताना रिले विजेने ओढलेला राहतो आणि वाहन आलं की सुटतो, अशी ही जोडणी असते. त्यामुळे वीज गेली किंवा केबल तुटली तरी कायमची मागणी लागते. हिरवा वाया जातो, पण आडरस्ता लालवर अडकून पडत नाही. ही जोडणी उलटी झाली तर बिघाड शांत राहतो आणि लोक सिग्नल तोडू लागल्यावरच कुणाच्या तरी लक्षात येतो.

यानंतर कंट्रोलरची बाजू. हिरवा वाढवण्याचा वेळ डिटेक्टरमध्येही ठेवता येतो आणि कंट्रोलरमध्येही. डिटेक्टरला 2 सेकंद आणि कंट्रोलरला 3 सेकंद दिले तर दोन्हींची बेरीज होते. शेवटच्या वाहनामागे 5 सेकंद रिकामा हिरवा राहतो आणि वर्दळीच्या वेळी प्रत्येक फेज (एका वेळी हिरवा मिळणाऱ्या वाहनांची पाळी) कमाल हिरव्यापर्यंत ताणला जातो. ताशी 40 किलोमीटरने येणारं वाहन 40 मीटर अंतर सुमारे 3.6 सेकंदांत कापतं. आकडे यावरून ठरवावेत आणि एकाच ठिकाणी ठेवावेत. मेमरी लॉक तर चालू हवाच. आडरस्त्याची गाडी लाल पाहून थांबली की डॉपलर डिटेक्टरसाठी ती नाहीशीच होते. आणि वीज येऊन-जाऊन कंट्रोलर नव्याने सुरू झाला तर आधीची मागणी पुसली जाते, म्हणून सुरुवातीच्या आवर्तनात सगळ्या फेजना एकदा हिरवा देण्याची सोय तपासून घ्यावी.

खोटी मागणी कुठून येते हे शोधायला वेळ लागतो, पण कारणं ठरलेली आहेत. खांब हलका असेल तर ट्रक गेल्यावर तो हलतो, आणि हलणाऱ्या डिटेक्टरला सगळं जगच हलताना दिसतं. वाऱ्याने हलणारी फांदी, विशेषतः ओली, हे दुसरं कारण. तिसरं लवकर लक्षात येत नाही. ट्यूबलाइटमधला वायू विजेच्या दुप्पट वारंवारतेने, म्हणजे आपल्याकडे 100 हर्ट्झने, मायक्रोवेव्ह परतवतो. 10.525 गिगाहर्ट्झला 100 हर्ट्झ म्हणजे ताशी जवळपास 5 किलोमीटर. जवळच्या दुकानाच्या ट्यूबलाइटच्या पाटीमुळे रात्री मागणी लागत राहते आणि दिवसा तपासायला गेलं तर सगळं ठीक असतं. अशा वेळी किमान वेग थोडा वाढवावा किंवा रोख दोन-चार अंश फिरवावा. एकमेकांसमोर असलेले एकाच वारंवारतेचे दोन डिटेक्टरही परस्परांत ढवळाढवळ करतात. त्यासाठी किंचित वेगळ्या चॅनेलचे नग मागवतात.

हजेरीचा प्रश्न रडारने सोडवला तो सरकत्या वारंवारतेच्या पद्धतीने. लहरीची वारंवारता सतत चढती-उतरती ठेवली की परत येणाऱ्या लहरीतला फरक अंतर सांगतो, मग वस्तू हलत असो वा नसो. किती बारीक अंतर ओळखता येतं ते वारंवारता ज्या पट्ट्यात सरकते त्याच्या रुंदीवर ठरतं: 50 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात 3 मीटर, 250 मेगाहर्ट्झमध्ये 60 सेंटिमीटर. 1990 च्या दशकात अशा डिटेक्टरांनी महामार्गाच्या कडेला उभं राहून लेन मोजायला सुरुवात केली. पुढे अनेक अँटेनांचे रडार चौकाच्या कोपऱ्यात बसून स्टॉप लाइनवरची उभी गाडी दाखवू लागले. त्यांची अडचण वेगळी आहे. सुरू करताना ते रिकामा रस्ता ‘शिकतात’. त्या वेळी झोतात टेम्पो उभा असेल तर तो पार्श्वभूमीत जमा होतो, आणि फार वेळ न हललेली गाडीही काही काळाने पुसली जाते. शिवाय बसच्या आडोशाला उभी स्कूटर कोणत्याच रडारला दिसत नाही. उंची वाढवल्याने हा आडोसा कमी होतो, संपत नाही.

महाराष्ट्रातल्या शहरांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. भारतात सिग्नलचा आराखडा आणि उभारणी यांचं मार्गदर्शन इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 93 या पुस्तिकेत 1985 साली आलं, आणि मिश्र वाहतुकीसाठी सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने कोसिकॉस्ट ही नियंत्रणपद्धती विकसित केली. पण डिटेक्टर बनवणाऱ्यांची पुस्तिका बहुधा लेन पाळणाऱ्या मोटारी गृहीत धरते. आपल्याकडे लाल लागला की दुचाकी फटीफटीतून पुढे येऊन स्टॉप लाइनच्याही पुढे उभ्या राहतात, म्हणजे नेमक्या त्या पट्ट्यात जिथे झोत पोचत नाही. म्हणून इथे लेनप्रमाणे क्षेत्रं आखण्यापेक्षा रस्त्याची पूर्ण रुंदी एक क्षेत्र धरावी आणि ते स्टॉप लाइनच्या पुढे दोन-तीन मीटर वाढवावं. चाचणी मोटारीने घेऊन भागत नाही. एकटी दुचाकी रस्त्याच्या डाव्या कडेने, मग मधून, मग दुभाजकालगत हळू आणून प्रत्येक वेळी डिटेक्टरचा दिवा आणि कंट्रोलरची नोंद दोन्ही पाहावी. सायकलनेही तेच करावं, कारण तिच्यावरून परतणारी लहर फार क्षीण असते.

पावसाळा सुरू झाल्यावर एक फेरी पुन्हा मारावी लागते. फांद्या वाढलेल्या असतात, खांबावर कुणी फ्लेक्स बांधलेला असतो, आणि ओला, फडफडणारा फ्लेक्स डिटेक्टरला येणाऱ्या वाहनासारखा दिसतो. डबीच्या तोंडावर चिकटवलेली जाहिरात किंवा खांब रंगवताना वर गेलेला धातूमिश्रित रंगाचा हात लगेच काढावा. अशा रंगाखाली डिटेक्टर चालू असतो, त्याचा दिवाही लागतो, पण पल्ला 40 मीटरवरून काही मीटरवर आलेला असतो.