नको त्या जाहिराती बंद, कामाचे मेसेज सुरू: डीएनडी नोंदणी आणि तक्रार कशी करावी

डीएनडी म्हणजे 'डू नॉट डिस्टर्ब', फोनवरच्या जाहिराती अडवण्याची नोंदणी. तिचं नाव काढलं की कोल्हापुरात घरोघरी तेच प्रश्न येतात. मग बँकेचा ओटीपी बंद होणार का? ऊसबिल जमा झाल्याचा मेसेज? पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीला टेकली, तर प्रशासनाची सूचना? यातलं काहीही बंद होत नाही. डीएनडी अडवतं ते फक्त जाहिरातींना. या भीतीपोटी कितीतरी ज्येष्ठ मंडळी दिवसभर कर्जाचे आणि प्लॉटचे फोन सोसत राहतात, म्हणून हे नीट सांगायला हवं.

मेसेज कुणाकडून आला, त्या नावाचं शेवटचं अक्षर बघा. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. डीएनडीची कात्री पी वर चालते. कॉलचंही तसंच: जाहिरातीसाठी 140 ने सुरू होणारे नंबर, बँका आणि सरकारी कामांसाठी 1600 चे.

पात्रता म्हणाल तर चालू असलेला कोणताही नंबर, प्रीपेड असो की पोस्टपेड. आधार, फोटो, फॉर्म काही लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. 'डीएनडी करून देतो' म्हणत कुणी फोनवर ओटीपी किंवा फी मागितली, तर फोन ठेवून द्या.

सगळ्याच जाहिराती नको असतील तर इंग्रजी अक्षरांत स्टार्ट, मग जागा सोडून 0, असं लिहून 1909 ला पाठवा. मेसेज त्याच नंबरवरून जायला हवा. आईच्या फोनसाठी आईचाच फोन हातात घ्या. पण बारावीचं मूल घरात असेल आणि शिक्षणाच्या जाहिराती हव्या असतील, तर सरसकट बंद करू नका. बँकिंग, घर-जमीन, शिक्षण, आरोग्य असे वेगळे वर्ग आहेत. ते निवडायला ट्रायचं, म्हणजे दूरसंचार नियामकाचं, डीएनडी ॲप सोपं पडतं. एखाद्या दुकानात नंबर देताना जाहिरातींना संमती दिली असेल, तर ते मेसेज डीएनडीनंतरही येऊ शकतात. ती संमती मागे घेता येते.

नोंदणीनंतरही त्रास झाला तर नंबर नुसता ब्लॉक करून थांबू नका. ब्लॉकने तुमची एकट्याची सुटका होते, तीही तो माणूस नवा नंबर घेईपर्यंत. तक्रार करा. मेसेजचा मजकूर, पाठवणाऱ्याचा नंबर किंवा नाव आणि तारीख लिहून 1909 ला पाठवा. कॉल असेल तर मजकुराऐवजी तो कशाबद्दल होता ते थोडक्यात लिहा. मुदत सात दिवसांची आहे, म्हणून मेसेज लगेच डिलीट करू नका. साध्या दहा आकडी नंबरवरून जाहिरात आली असेल, तर डीएनडी नसतानाही तक्रार चालते. ट्रायच्या नियमांतल्या 2025 च्या दुरुस्तीनंतर अशा नोंदणी नसलेल्या नंबरांवर कारवाईची मुदत 30 वरून 5 दिवसांवर आली आहे.

वीज तोडण्याची धमकी, केवायसीची लिंक हे जाहिरातीत मोडत नाही, ती फसवणूक आहे. ती सरकारच्या संचार साथी या पोर्टलवरच्या 'चक्षू' सुविधेत कळवा. पैसे गेलेच असतील तर इतर काही न करता आधी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.