उत्खनक, दलदली व वनजमिनीवरील

तळ्याचा गाळ, दलदल, नदीकाठची ओली चिकणमाती, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची पीट जमीन, पावसाने भिजलेले वनक्षेत्र अशा ठिकाणी नेहमीचे खोदयंत्र रुतते. तेथे गाळउपसा, चर खणणे, बांध घालणे, झाडे-झुडपे काढणे या कामांसाठी खास घडवलेल्या किंवा फेरबदल केलेल्या उत्खनकांचा हा वर्ग. महाराष्ट्रात अशा यंत्राला सरसकट पोकलेन म्हणतात, बडोद्याकडे हिताचीही म्हणतात. दोन्ही नावे कंपन्यांची आहेत. त्यांवरून यंत्राची जात कळत नाही. जात ठरते ती खालच्या चालभागावरून. इंजिन, केबिन, बूम (मुख्य बाहू), आर्म (त्यापुढचा बाहू) व बकेट (खोदणारे सूप) हा वरचा भाग बहुधा नेहमीच्या २० टनी यंत्राचाच असतो.

दाबाचे गणित : यंत्र रुतेल की नाही हे त्याच्या वजनापेक्षा ते वजन किती जागेवर पसरले आहे यावर ठरते. साधारण २० टनी पोकलेनच्या चेनच्या पट्ट्या ६० सेंमी. रुंद असतात आणि प्रत्येक चेन सुमारे ३.६ मी. लांबीवर जमिनीला टेकते. म्हणजे दोन्ही मिळून साडेचार चौरस मीटरच्या आतबाहेर क्षेत्र आणि दर चौ. सेंमी.ला सुमारे ०.४५ किग्रॅ. दाब. पट्ट्या ९० सेंमी. केल्या आणि चालभाग थोडा लांबवला तर हाच दाब ०.३ वर येतो. पोकळ पोलादी पेट्यांवर चालणाऱ्या जलस्थल यंत्राचे वजन पेट्यांमुळे ३० टनांच्या घरात जाते. पण दीड मीटर रुंद व आठ मीटर लांब अशा दोन पेट्या जमिनीला टेकल्या, की दाब ०.१२ ते ०.१३ इतकाच उरतो. चालताना सगळा भार एका पावलावर आला, की माणसाच्या पावलाखालचा दाब याच्या दुपटीहून अधिक असतो.

हे आकडे सरासरीचे आहेत, आणि माहितीपत्रकांत दिलेले आकडेही तसेच असतात. बकेट भरून बूम पुढे ताणला, की भार चेनच्या पुढच्या टोकाखाली एकवटतो. बाजूला फिरवला, की एकाच चेनवर येतो. त्या क्षणी प्रत्यक्ष दाब सरासरीच्या कितीतरी पट होतो. यंत्रे केवळ चालतानाच नव्हे, तर भरलेली बकेट बाजूला वळवतानाही रुततात, याचे कारण हे.

जमिनीची बाजूही तितकीच महत्त्वाची. पीटमध्ये वजनाने बहुतांश पाणीच असते. वरचा मुळांचा जाळीदार थर शाबूत आहे तोवर तो भार पेलतो; फाटला की खाली आधार नाही. काळ्या कपाशीच्या जमिनीचे वागणे वेगळे. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे मृद्‌खनिज पाणी शोषून फुगते. उन्हाळ्यात भेगाळलेली, घणासारखी कठीण असलेली हीच जमीन भिजल्यावर सीबीआर चाचणीत (जमिनीची भार पेलण्याची ताकद प्रमाणित खडीच्या तुलनेत मोजणारी चाचणी) दोन ते चार टक्क्यांवर येते. शिवाय ती चिकटते. बकेट रिकामी होत नाही, चेनच्या पट्ट्यांत माती ठासून बसते, आणि रुतलेल्या यंत्राला वर काढताना वजनाबरोबर चिखलाची ओढही तोडावी लागते. दलदलीसाठीच्या पट्ट्यांचा छेद त्रिकोणी ठेवतात तो माती आपोआप गळून पडावी म्हणून.

साखळीपट्ट्याचा उगम : चेनवर चालणारे यंत्र प्रथम कोणी केले हा प्रश्न वादाचा आहे, आणि त्याचे तिन्ही मुख्य दावेदार ओल्या किंवा वनजमिनीशी वा अवघड वाटांवरील वाहतुकीशी जोडलेले आहेत. मूळ कल्पना जुनी. इंग्लंडमध्ये जॉर्ज केली याने १८२५ मध्ये, चाकांभोवती फिरणारा ‘सार्वत्रिक लोहमार्ग’ म्हणून तिचे पेटंट घेतले. पण ते भारवाहू यंत्र म्हणून रूढ झाले नाही. अमेरिकेतील मेन राज्यात ॲल्विन लोम्बार्ड याने १९०१ मध्ये पेटंट घेऊन ओंडके ओढणारे बाष्पयंत्र बनवले. मागे साखळीपट्टे आणि पुढे बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या, अशी त्याची रचना होती. कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळच्या त्रिभुज प्रदेशातील मऊ पीट जमिनीत बाष्प ट्रॅक्टर बुडत. बेंजामिन होल्ट याने आधी चाके रुंद करून पाहिली, इतकी की एका यंत्राची एकूण रुंदी सुमारे १४ मी. झाली. शेवटी चाके काढून त्याने लाकडी फळ्यांची साखळी बसवली व नोव्हेंबर १९०४ मध्ये तिची चाचणी घेतली. त्याच वर्षी इंग्लंडमधील ग्रँथम येथील हॉर्न्सबी कंपनीचा अभियंता डेव्हिड रॉबर्ट्स याच्या साखळी-ट्रॅक्टरला पेटंट मिळाले. १९१४ च्या सुमारास हॉर्न्सबीने आपले हक्क होल्टच्याच कंपनीला विकले. या विक्रीमुळे पुढच्या अनेक वर्णनांत हे दोन्ही धागे एकात मिसळले आणि श्रेय बहुधा एकट्या होल्टकडे गेले.

अमेरिकी लेखक होल्टला व काही प्रमाणात लोम्बार्डला, तर ब्रिटिश लेखक रॉबर्ट्सला अग्रक्रम देतात. वाद तारखांचा दिसतो. खरा मुद्दा यंत्र वळते कसे हा आहे. लोम्बार्डचे यंत्र पुढच्या घसरपट्ट्यांनी वळे आणि होल्टच्या सुरुवातीच्या यंत्रांना पुढे सुकाणूचे चाक होते. रॉबर्ट्सचे यंत्र एका बाजूची साखळी रोखून, केवळ साखळ्यांच्या जोरावर वळे. आजचा प्रत्येक पोकलेन असाच वळतो. त्यामुळे उत्खनकापुरते पाहता रॉबर्ट्सचा दावा अधिक पटण्याजोगा आहे. मात्र मऊ जमिनीसाठी भार पसरवण्याचा विचार सर्वांत स्पष्टपणे होल्टच्या प्रयोगांत दिसतो, हेही मान्य करावे लागते.

खोदणाऱ्या बाहूचा इतिहास स्वतंत्र आहे. विल्यम ओटिस याच्या बाष्पफावड्याला १८३९ मध्ये पेटंट मिळाले. ते यंत्र रुळांवर चाले. जॉन पेज याने १९०४ मध्ये शिकागोच्या कालव्यावर दोरखंडाने बकेट ओढणारे ड्रॅगलाइन वापरले. १९१३ मध्ये ऑस्कर मार्टिन्सन याने त्याला पावले दिली. यंत्र मोठ्या गोल बैठकीवर विसावे आणि दोन बाजूंच्या पायांवर उचलले जाऊन पुढे सरके. मऊ जमिनीवर स्थिर उभे राहण्याचा हा फार समंजस उपाय होता आणि खाणींतील प्रचंड ड्रॅगलाइन अजूनही याच पद्धतीने चालतात. तेलदाबावर चालणाऱ्या उत्खनकाबाबत इटलीतील ब्रुनेरी बंधूंचे १९४८ चे पेटंट, फ्रान्समधील पोक्लेन कंपनीचे १९५१ चे यंत्र व जर्मनीतील डेमाग कंपनीचे १९५४ चे बी-५०४ असे तीन टप्पे सांगितले जातात. पूर्ण गोल फिरणारे व चेनवर चालणारे असे दोन्ही निकष लावले, तर डेमागचे नाव पुढे येते. भारतात पोक्लेनची यंत्रे लार्सन अँड टुब्रोने परवान्याखाली बनवली.

प्रकार : रुंद पट्ट्यांचे यंत्र शेततळी, नाले व ओल्या वनजमिनीसाठी पुरते. लांब बाहूचे यंत्र दलदलीत उतरतच नाही. ते पक्क्या काठावर उभे राहून १५ ते १८ मी. अंतरावरचा गाळ ओढते. त्या बदल्यात बकेट अर्ध्या घनमीटरच्या आसपासच ठेवावी लागते, नाहीतर यंत्र पुढे कलंडते.

जलस्थल यंत्राच्या दोन पेट्या आतून बंद कप्प्यांत विभागलेल्या असतात, म्हणजे एक कप्पा फुटला तरी यंत्र बुडत नाही. पेटीभोवती साखळ्या फिरतात. नऊ मीटर लांबीच्या दोन पेट्यांचे आकारमान ५० घनमीटरच्या पुढे जाते, म्हणून ३० टनी यंत्र सहज तरंगते. पण तरंगणे आणि काम करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. साखळी तळाला टेकलेली असेतोवरच यंत्राला जोर मिळतो. त्याहून खोल पाण्यात बाजूला जादा पेट्या जोडून व तळात खुंट रोवून ते स्थिर करावे लागते. या जातीचा विकास मेक्सिकोच्या आखाताकाठी, लुइझियानाच्या दलदलीतील तेलशोधाबरोबर झाला असे सामान्यतः मानतात.

‘कोळी’ यंत्राला चार स्वतंत्र पाय असतात, काहींना चाके तर काहींना नख्या. १९६० च्या दशकाच्या मध्यास स्वित्झर्लंडमध्ये एर्न्स्ट मेन्झी आणि शेजारच्या लिक्टनस्टाइनमध्ये योझेफ कायझर यांनी जवळजवळ एकाच वेळी ते तयार केले. तीव्र उतारावरची झाडे व ओढ्यांचे पात्र ही त्याची मुख्य कामे.

कामाची रीत : ओल्या जमिनीवर ऑपरेटर लाकडी ओंडक्यांच्या जाड चटया वापरतो. मागची चटई बकेटने उचलून पुढे ठेवायची आणि तिच्यावर सरकायचे. वनकामात तोडलेल्या फांद्यांचा थरही तेच काम करतो. जागच्या जागी वळल्यास वरचा थर कातरला जातो, म्हणून मोठ्या वळणाने फिरतात. काठावर उभे राहताना चेन काठाला काटकोनात आणि चालक मोटरी मागच्या बाजूला ठेवतात. काठ खचू लागला तर सरळ मागे निघता येते. साधे यंत्र पाण्यात घालायचे झाल्यास चेनला वरून आधार देणाऱ्या रोलरच्या वर पाणी जाऊ देत नाहीत, आणि काम संपल्यावर सर्व पिन-बुशांना (सांध्यांतील खिळे व त्यांच्या नळ्या) व फिरत्या बैठकीला ग्रीस देतात. गाळासाठी दात नसलेली, पाणी निथळावे म्हणून भोके असलेली रुंद बकेट लावतात.

बडोदे परिसर : बडोदे संस्थानातील मोठे जलाशय यंत्रांपूर्वीचे आहेत. सूर्या नदीवरचा आजवा अर्थात सयाजी सरोवराचा मातीचा बांध तिसऱ्या सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९० च्या सुमारास झाला, डभोईजवळचा वढवाणा तलाव १९१० च्या सुमारास. गुजरातेत ओड आणि महाराष्ट्रात वडार या मातीकाम करणाऱ्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या कुदळ, टोपले व गाढवांच्या बळावर तळी व बांध उभारले. ओल्या जमिनीचे त्यांचे ज्ञान कोणत्याही यंत्राच्या माहितीपत्रकापेक्षा जुने आहे. वढवाण्याला २०२१ मध्ये रामसर पाणथळीचा, म्हणजे रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. हिवाळ्यात तेथे स्थलांतरित पक्षी मोठ्या संख्येने उतरत असल्याने गाळउपसा वा जलपर्णी काढणे यांसाठी उरतो तो मुख्यतः उन्हाळा.

विश्वामित्री नदीवर हाच प्रश्न अधिक बिकट होतो. पावागडाच्या डोंगरात उगम पावून ती बडोदे शहरातून वाहते व पुढे ढाढरमार्गे खंबातच्या आखाताला मिळते. शहरात तिचे पात्र नागमोडी असून काठ गाळमातीचे, उभे व घळींनी कापलेले आहेत. या पात्रात मगरींची मोठी वस्ती आहे. मगर (क्रोकोडायलस पॅलुस्ट्रिस) हा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी. ती काठात आडवी बिळे खणते आणि साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठावर अंडी घालते. पिले पावसाच्या तोंडाला बाहेर येतात. यंत्रांसाठी नदी कोरडी असते ते महिने हेच.

ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर २०२५ च्या उन्हाळ्यात पात्र खोल व रुंद करण्याचे मोठे काम झाले, तेव्हा हा पेच प्रत्यक्ष समोर आला. त्याआधी २०२१ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने नदी, तिच्या घळी व पूरमैदान यांच्या रक्षणाचा आग्रह धरला होता. यंत्राची निवड येथे केवळ खर्चाची बाब राहत नाही. लांब बाहूचे यंत्र काठावर उभे केले तर त्याचा भार बिळांच्या छतावर येतो. जलस्थल यंत्र पात्रातून चालवले तर काठ वाचतो, पण मगरी ऊन खात पडतात ते गाळाचे उतार चेंगरतात. दोन्हींत दुसरी हानी अधिक लवकर भरून येणारी आहे, कारण गाळाचा उतार एका पावसाळ्यात पुन्हा बनतो आणि ढासळलेला काठ बनत नाही. काम एका वेळी एकाच काठावर करणे, वनखात्याच्या जाणकारासह बिळांची आधी पाहणी करणे आणि बिळे असलेला पट्टा अंडी फुटेपर्यंत सोडून देणे हे उपाय त्यामुळे सोय म्हणून नव्हे, तर कामाचा भाग म्हणून धरावेत. उपसलेला गाळ पूरमैदानावरच टाकल्यास पुराच्या पाण्याची जागा तेवढीच कमी होते, हा दोष जागोजाग दिसतो.

वनजमिनीवरील काम : केबिनभोवती पोलादी जाळी, छतावर आघातरोधक चौकट व जाड पॉलिकार्बोनेटच्या काचा, बकेटऐवजी ओंडके धरणारा पंजा किंवा झुडपे भरडणारे मल्चर असे बदल करतात. उत्तर युरोपात ओल्या जमिनीत रोपे जगावीत म्हणून उत्खनकाने मातीचे उंचवटे करून त्यांवर लागवड करतात. बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियातील कालिमंतान भागात १९९६ मध्ये सुरू झालेल्या भातशेती प्रकल्पात पीट जंगलातून चार हजार किमी.हून अधिक कालवे खणले गेले. पीट सुकली आणि १९९७ च्या वणव्यांत जळाली. तेथेच पुढे कालवे बुजवून पाणी पुन्हा अडवण्याचे प्रयत्न झाले, आणि आता फिनलंड व ब्रिटनमध्येही जुने चर बंद करण्यासाठी हीच रुंद पट्ट्यांची यंत्रे वापरली जातात.

बडोद्याच्या पूर्वेस जांबुघोडा व छोटा उदेपूरकडील वनांत जमीन डोंगराळ व निचऱ्याची आहे. तेथे उत्खनकाचे काम मुख्यतः समपातळी चर, वनतळी व छोटे बंधारे यांपुरते असते आणि त्याला साधे यंत्र पुरते. वेडी बाभूळ मुळासकट काढण्यासाठी मात्र दातेरी रेक लावलेला पोकलेन लागतो, कारण वरून तोडलेले झाड बुंध्यापासून पुन्हा फुटते.