अडीच आणि दहा यांच्या मध्ये पाच

फोंड्यातल्या एका नर्सरीत टांगलेली केशरी आस्कोसेंडा ही संकरित ऑर्किड पाहून शेजारच्या काकींनी विचारलं, "मोठ्या आणि बारीक ऑर्किडचा संकर केला की मधल्या मापाचं फूल येतं, हो ना?" बहुतेकांची हीच समजूत असते. फूल मधल्या मापाचं येतं हे खरं, पण 'मधलं' कसं मोजायचं यातच सगळी मौज आहे.

आस्कोसेंडाचं एक पालक आस्कोसेंट्रम. त्याचं फूल जेमतेम अडीच सेंटिमीटरचं. दुसरं मोठ्या फुलाची वांडा, सुमारे दहा सेंटिमीटरची. सरासरी काढली तर सव्वासहा येते. पहिल्या पिढीची फुलं मात्र साधारण पाचच्या आसपास रेंगाळतात, लहान पालकाकडे झुकलेली.

याचं कारण पाकळीच्या वाढण्यात आहे. भिंत एकेका विटेनं चढते, पाकळी तशी वाढत नाही. एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, चाराच्या आठ. मापावर परिणाम करणारी बरीच जनुकं 'आणखी दोन सेंटिमीटर वाढ' असा हुकूम सोडत नाहीत. वाढ किती पट व्हावी, यावर ती आपला थोडाथोडा भार टाकतात. म्हणजे इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. अडीचाचे दहा व्हायला माप दोनदा दुप्पट व्हावं लागतं. संकराला मोठ्या पालकाची निम्मीच जनुकं मिळतात, म्हणून त्याच्या वाट्याला एकच दुप्पट येते: पाच. शाळेत शिकलेला भूमितीमध्य तो हाच. दोन्ही मापांचा गुणाकार करा, वर्गमूळ काढा. लॉगॅरिदमच्या पट्टीवर, म्हणजे जिथे दर दुप्पटीला सारखंच अंतर असतं तिथे, पाच हा आकडा अडीच आणि दहाच्या अगदी मध्यावर बसतो. टोमॅटोच्या फळांवरच्या १९३८ च्या अभ्यासातही असाच हिशेब दिसला होता. हाच संकर पुन्हा मोठ्या वांडाशी केला तर पाच गुणिले दहा पन्नास, वर्गमूळ सुमारे सात. एखादं प्रभावी जनुक किंवा दुप्पट झालेली गुणसूत्रं हा हिशेब बिघडवू शकतात, पण अंदाज बांधायला याहून चांगलं साधन माझ्या हाती नाही.

आता आई कोणाला करायचं? ऑर्किडचे पराग सुटे नसतात, त्यांचे घट्ट पिंड असतात. टूथपिकनं पिंड उचलून कुक्षीच्या चिकट खळगीत ठेवला की परागनलिका फुलाच्या मधल्या दांड्यातून, म्हणजे स्तंभातून, खाली अंडाशयाकडे निघतात. गंमत म्हणजे तोवर बीजांडं पुरती तयारही नसतात. परागण झाल्यावरच ती घडू लागतात. लहान फुलाच्या परागनलिकेला मोठ्या फुलातलं अंतर पुरत नाही, असं अनेकदा होतं. म्हणून लहान फुलाला आई करणं बरं.

इंटरनेटवर 'इंद्रधनुषी ऑर्किडच्या बिया, कुंडीत पेरा' म्हणून पाकिटं विकतात. ती घेऊ नका. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात अन्नसाठा नसतो. निसर्गात बुरशीच्या मदतीशिवाय ते वाढत नाही. १९२२ मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या अगारवर (शेवाळापासून केलेल्या जेलीवर) बुरशीविना बी रुजवून दाखवलं, तेव्हापासून संकराचा छंद खऱ्या अर्थानं शक्य झाला. आणि झाडावरच्या ऑर्किडला बांडगूळ म्हणून उपटणाऱ्यांनाही सांगावंसं वाटतं, ते झाडाचा रस शोषत नाही, फक्त आधार घेतं.

माझ्या अंगणात आंब्यावर सीतेची वेणी ही ऑर्किड आहे, फूल दोन सेंटिमीटरचं. शेजारी कुंडीत वांडा टेसेलाटा, पाच सेंटिमीटरची. दोघींची गुणसूत्रं ३८, म्हणजे दुप्पट गुणसूत्रांनी हिशेब बिघडायची भीती नाही. गेल्या वर्षी वेणीचे पराग वांडावर ठेवले. बोंड धरलं, पण दोन महिन्यांत पिवळं पडून गळालं. यंदा मे महिन्यात उलट केलं. वेणीवर दोन बोंडं धरली आहेत आणि श्रावणाच्या सरी झेलूनही हिरवीगार आहेत. पिकली की बी उती संवर्धनाच्या प्रयोगशाळेत जाईल. फूल यायला आणखी काही वर्षं. काकी म्हणतात साडेतीन सेंटिमीटर, मी वहीत लिहून ठेवलंय ३.२.