आरामखुर्ची

आरामखुर्ची म्हणजे पाठ मागे टेकून पाय पसरून पडायची खुर्ची, यात माणूस धड बसलेला नसतो आणि धड झोपलेलाही नसतो. पाठ तिरकी असल्याने अंगाचा बराच भार खुर्चीच्या पाठीवर जातो आणि कमरेच्या मणक्यांवरचा ताण हलका होतो.

आपल्याकडे जुन्या घरांत जी दिसते ती कापडाची, घडीची. लाकडी चौकटी एकमेकींत अडकवलेल्या आणि मधे झोळीसारखं जाडंभरडं कापड, बऱ्याचदा पट्ट्यापट्ट्यांचं. कापडाच्या दोन्ही टोकांना नेफा असतो, त्यात दांडी ओवली की झालं काम, आणि ती दांडी गुपचूप काढून ठेवायची हा पोरांचा फार जुना चावटपणा. मागचा टेकू ज्या खाचेत बसवाल तेवढा कल मिळतो, पण खाचेत नीट बसला नाही तर माणूस खुर्चीसकट खाली, शिवाय घडी घालताना बोट चिमटणं ठरलेलंच. कापड विरलं की शिंप्याकडून नवीन शिवून घेतात, लाकूड तेच चालतं.

दुसरा प्रकार वेताचा. ब्रिटिश काळात मळेवाले साहेब आणि डाकबंगले यांच्यात ही चालायची, हात इतके लांब की त्यावर सरळ तंगड्या टाकता येतात. विणीतून हवा खेळते म्हणून कोकण-गोव्याच्या घामट हवेत हीच बरी.

मागेपुढे होणारी पाठ इंग्लंडमध्ये १८६० च्या दशकातल्या मॉरिस खुर्चीत होती. हल्लीच्या रिक्लायनरची सुरुवात अमेरिकेत मिशिगनमधल्या मन्रो गावात १९२८ च्या सुमारास झाली, लेझी-बॉय कंपनीवाल्यांनी तो आधी नुसत्या लाकडी पट्ट्यांचा, व्हरांड्यात ठेवायला बनवला होता, गादी नंतर चढली.

वापर म्हणाल तर पेपर, रेडिओ, चहा आणि दुपारची डुलकी. घरात ती बहुतेक आजोबांचीच असते, ते बाहेर गेले की नातवंडांची. खरी अडचण उठताना येते, कापडाच्या खुर्चीत बूड खोल जातं आणि गुडघे दुखणाऱ्याला कुणीतरी हात द्यावाच लागतो. तिथे उठवून देणारा मोटरवाला रिक्लायनर जिंकतो, बटण दाबलं की सीटच वर उचलून देते. पण साध्या रिक्लायनरला पाठ पाडायला भिंतीपासून बरीच जागा सोडावी लागते, वन बीएचकेच्या हॉलमध्ये ती आणायची कुठून, कापडाची मात्र घडी करून दारामागे उभी करता येते.