रोल मोठा झाला म्हणजे नक्की काय झालं? जॉब एनलार्जमेंट आणि जॉब एनरिचमेंट

"तुझा रोल आता मोठा केलाय" असं मॅनेजर म्हणाला की आधी छानच वाटतं. पण रोल दोन तऱ्हांनी मोठा होतो आणि दोन्हीला सर्रास एकच नाव दिलं जातं, त्यात माणसं पिचून निघतात आणि वर त्यांनाच वाटत राहतं की आपणच कमी पडतोय, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

एनलार्जमेंटमध्ये काम आडवं पसरतं. म्हणजे तुम्ही करता त्याच पातळीची अजून चार कामं तुमच्याकडे येतात. एनरिचमेंटमध्ये काम उभं वाढतं, आधी जे वरचा माणूस ठरवायचा किंवा तपासायचा त्यातलं काही तुमच्या हातात येतं.

मी कस्टमर सपोर्टला होते तेव्हा दोन्ही बघितलंय. आधी फक्त फोन होते, मग चॅट आणि ईमेलही आमच्याकडे दिले. तीन विंडो उघड्या, कानात एक माणूस चिडून बोलतोय, तिकडे चॅटचा टायमर लाल होतोय, आणि तिन्हीकडे मी एकच वाक्य सांगतेय, "तुमची तक्रार पुढे पाठवलीये". काम तिप्पट, पण एकाही माणसाचं काम मी पूर्ण करून देऊ शकत नव्हते. पुढे कधीतरी ठरलं की ठराविक रकमेपर्यंतचा रिफंड आम्हीच मंजूर करायचा, सुपरवायझरला विचारायचं नाही. फोन तेवढेच होते हो, पण आता समोरच्याला "झालं तुमचं, पैसे परत येतील" असं सांगून फोन ठेवता यायचा. घरी जाताना डोकं वेगळंच असायचं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्गने 1968 मध्येच हे लिहून ठेवलंय, की एका निरर्थक कामात दुसरं निरर्थक काम घालणं म्हणजे शून्यात शून्य मिळवणं. नंतर हॅकमन आणि ओल्डहॅम या संशोधकांनी 1970 च्या दशकात कामाची पाच अंगं मांडली: वेगवेगळी कौशल्यं वापरायला मिळणं, एखादं काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपल्या हातून होणं, त्याचा कुणालातरी उपयोग असणं, कसं करायचं ते ठरवायची मोकळीक, आणि काम नीट झालं का ते कामातूनच कळणं. चॅट आणि ईमेल देऊन यातलं फार तर पहिलं थोडं वाढलं, रिफंडच्या अधिकाराने मात्र शेवटची चारही हलली.

गोंधळ तसा जुनाच आहे. 1940 च्या दशकात आयबीएमच्या एंडिकॉट कारखान्यात मशीन चालवणाऱ्यांनाच मशीन सेट करायचं आणि तयार माल तपासायचं काम दिलं, त्याला तेव्हा एनलार्जमेंटच म्हटलं गेलं. पण माल पास की नापास हे ठरवणं हा निर्णय आहे, त्यामुळे माझ्या मते ते निम्मंअधिक एनरिचमेंटच होतं. जॉब रोटेशन हे तिसरंच, तिथे काम तेच राहतं, फक्त माणसं आलटून पालटून बसतात.

तब्येतीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कामाच्या ताणावर संशोधन करणाऱ्या रॉबर्ट कॅरासेकने 1979 मध्ये दाखवलं की नुसता कामाचा भार माणसाला एवढा त्रास देत नाही, भार जास्त आणि ठरवायचं मात्र हातात काहीच नाही हे जोडीने आलं की ताण सगळ्यात जास्त. ब्रिटनच्या सरकारी नोकरांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासातही कामावर कमी ताबा असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा धोका जास्त दिसला. त्यामुळे नुसतं एनलार्जमेंट केलं की भार वाढतो, ताबा आहे तिथेच, आणि मग त्यावर उतारा म्हणून कंपनी मेडिटेशनचं सेशन ठेवते, ते बघून मला खरंच वाईट वाटतं.

आता एनरिचमेंट सगळ्यांना हवंच असतं असं नाही. काहींना घरी इतकं सांभाळायचं असतं की ऑफिसात ठरलेलं काम करून वेळेत निघणं हेच त्यांना बरं, हॅकमन आणि ओल्डहॅमनेही हा माणसामाणसातला फरक धरलाय. आणि जबाबदारी दिली पण अधिकार नाही, तर ते एनरिचमेंट नव्हेच. आमच्याकडे पहिल्या महिन्यात एकीने चुकीचा रिफंड दिला, तेव्हा टीम लीडने तिची रिफंडची परवानगी काढून घेतली नाही, शेजारी बसून ती केस परत बघितली आणि पुढचा फोन तिलाच घ्यायला लावला.