रुबेला: पुरळ तीन दिवसांचे, गाठी कानामागच्या

मुलाच्या अंगावर पुरळ उठले की घरातली वडीलधारी माणसे ‘गोवर निघाला’ म्हणून मोकळी होतात. मात्र गोवराचे मूल तापाने फणफणते, खोकते, डोळे लाल होऊन निपचित पडते. रुबेला हा विषाणूमुळे होणारा वेगळा, सौम्य आजार; तो झालेले मूल अंगात कणकण असूनही बहुधा खेळत असते. संसर्गानंतर साधारण दोन ते तीन आठवड्यांनी फिकट गुलाबी पुरळ आधी चेहऱ्यावर उमटते, मग छाती, पोट आणि हातापायांवर उतरते, आणि तिथे पोहोचेपर्यंत चेहऱ्यावरचे मावळूही लागते. सावळ्या अंगावर ते चटकन दिसत नाही, आणि तीन दिवसांत तर सगळेच नाहीसे होते.

त्यामुळे नुसत्या पुरळावर विसंबू नये. कानांच्या मागे आणि मानेच्या मागच्या बाजूला, केसांच्या रेषेलगत बोटे फिरवून पाहावीत: तिथे हरभऱ्याएवढ्या, दाबल्यास दुखणाऱ्या गाठी लागल्या तर रुबेलाची शंका बळावते. या गाठी बऱ्याचदा पुरळाच्या आधीच येतात आणि ते गेल्यावरही काही आठवडे टिकतात. मोठ्या माणसांत, विशेषतः स्त्रियांत, बोटांचे, मनगटांचे आणि गुडघ्यांचे सांधे धरतात, त्यामुळे पावसाळ्यात चिकुनगुनियाचीच शंका आधी येते. खात्री रक्तातील आयजीएम प्रतिपिंडांच्या (ताज्या संसर्गाविरुद्ध शरीर आधी तयार करते त्या प्रथिनांच्या) तपासणीनेच होते. पुरळाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत मात्र तीही फसवू शकते.

इतक्या सौम्य आजाराची एवढी चिकित्सा करण्याचे कारण गर्भवती स्त्री आहे. 1941 मध्ये सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळांच्या मातांची चौकशी केली, तेव्हा त्यांतील बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेल्याचे आढळले. पहिल्या तीन महिन्यांत संसर्ग झाल्यास बाळाला बहिरेपणा, मोतीबिंदू किंवा हृदयदोष होण्याचा धोका सर्वाधिक असतो. त्यातच पुरळ उठण्याच्या आठवडाभर आधीपासून रुग्ण संसर्ग पसरवू शकतो, आणि अनेकांना तर कोणतेही लक्षण दिसत नाही. म्हणून रुबेलाच्या रुग्णाशी संपर्क आलेल्या गर्भवतीने स्वतःला पुरळ येण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जाऊन रक्ततपासणी करून घ्यावी.

रुबेलावर विशिष्ट औषध नाही, लस आहे. गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान सरकारी केंद्रांत मोफत मिळते. तिच्यात जिवंत पण क्षीण केलेला विषाणू असल्याने गरोदरपणात ती देत नाहीत. लग्न ठरलेल्या किंवा मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या स्त्रीने ती आधीच घ्यावी आणि त्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी.