नायट्रस ऑक्साइड नियंत्रक (मोटारगाडी)

मोटारगाडीच्या एंजिनाची शक्ती वाढवण्यासाठी त्यात नायट्रस ऑक्साइड केव्हा, किती आणि कोणत्या चढाने सोडायचा हे ठरवणारे विद्युत् उपकरण. गॅरेजमध्ये त्याला नुसते ‘कंट्रोलर’ म्हणतात. कोकण किनारपट्टीवर त्याची निवड मुख्यतः उष्मा आणि खारी हवा यांवर ठरते, किती सोयी आहेत यावर नव्हे.

हा वायू जोसेफ प्रीस्टली यांनी १७७२ च्या सुमारास प्रथम मिळवला, असे सामान्यतः मानतात. एंजिनातील वापराच्या उगमाबद्दल मात्र मतभेद आहेत. रॉबर्ट गोडार्ड यांच्या १९१४ च्या एकस्वात (पेटंटात) पेट्रोल व द्रवरूप नायट्रस ऑक्साइड यांचा उल्लेख असल्याने काही लेखक हा उगम तेथवर मागे नेतात. परंतु ते एकस्व अग्निबाणाचे आहे. पिस्टन एंजिनापुरते बोलायचे, तर दुसऱ्या महायुद्धातील जर्मन विमानांची ‘जीएम-१’ ही योजना आरंभ म्हणून अधिक ग्राह्य वाटते. विरळ हवेत, खूप उंचीवर, एंजिनाची शक्ती टिकवणे हा तिचा हेतू होता. मोटारशर्यतींत हा वायू बहुधा १९७० नंतरच्या दशकात रुळला. तेव्हाचे नियंत्रण म्हणजे एक बटण आणि एक रिले (विजेने चालणारा स्विच).

नायट्रस ऑक्साइडमध्ये वजनाने सुमारे ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेत सुमारे २३ टक्के. या जादा ऑक्सिजनमुळे जास्त पेट्रोल जाळता येते, म्हणून वायूबरोबर वेगळ्या झडपेतून जादा पेट्रोलही सोडतात. ते पुरेसे मिळाले नाही, तर नॉकिंग (मिश्रणाचे अवेळी, धक्क्याने पेटणे) सुरू होऊन पिस्टन वितळतो. म्हणून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना आणि ठरावीक फेऱ्यांच्या मर्यादेतच (उदा., मिनिटाला ३,००० ते ६,०००) वायू सोडणारा ‘विंडो स्विच’ ही किमान गरज समजावी. ‘प्रोग्रेसिव्ह’ नियंत्रक याच्या पुढचा. तो सोलेनॉइड (विद्युत् चुंबकाने उघडणाऱ्या) झडपा सेकंदाला अनेक वेळा उघडमीट करून पुरवठा हळूहळू चढवतो. येथे एक अडचण नेहमी दुर्लक्षिली जाते. वायूची झडप ६० बारच्या आसपासच्या दाबाविरुद्ध उघडते, पेट्रोलची झडप बहुधा काही बारच्याच. दोन्हींना एकाच वेळी विद्युत् स्पंद दिला तरी त्या एकाच क्षणी उघडत नाहीत. स्पंद अगदी आखूड असले की वायू व पेट्रोल यांचे प्रमाण बिघडते. स्पंदांची वारंवारता फार वाढवली तर झडप पुरती उघडतच नाही आणि तिची कॉइल तापते. म्हणून पुरवठ्याची सुरुवात फार कमी टक्क्यांपासून करू नये, हे मत अधिक पटणारे आहे. दोन्ही झडपांची वेळ स्वतंत्रपणे जुळवता येणारा नियंत्रक मिळाल्यास उत्तम.

कोकणातला खरा प्रश्न सिलिंडरच्या दाबाचा. थंड प्रदेशात दाब वाढवण्यासाठी सिलिंडरला हीटर लावतात. येथे ३० अंश सेल्सिअसला तो आपोआप ६० बारच्या वर जातो. या वायूचे क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर तो द्रवरूपात राहूच शकत नाही ते तापमान, सुमारे ३६.४ अंश आहे. रत्नागिरी किंवा मालवणला मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी हा आकडा सहज ओलांडते आणि सिलिंडरमध्ये द्रव असा वेगळा उरत नाही. क्रांतिक तापमानाजवळ दाब चढतो, पण द्रवाची घनता झपाट्याने उतरते. त्यामुळे त्याच जेटमधून (ठरावीक मापाच्या छिद्रातून) नेमका किती वायू जाईल याचा भरवसा राहत नाही, पेट्रोलचा जेट मात्र तोच. म्हणून सिलिंडरचा दाब मोजून तो ठरलेल्या पट्ट्याबाहेर असेल तर पुरवठा सुरूच न होऊ देणारा, आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडताच पुरवठा तोडणारा नियंत्रक या किनाऱ्यावर घ्यावा. हीटरवर खर्च करण्याऐवजी सिलिंडरला सावली द्यावी.

खाऱ्या दमट हवेत तांब्याच्या तारा कळकतात. थिंबल (तारेच्या टोकाचे धातूचे टोपण) उघडून पाहिले तर तारेवर हिरवट थर दिसतो. झडपांना दहा-वीस अँपिअर प्रवाह लागतो, त्यामुळे अर्थिंगचा जोड कमजोर झाला की व्होल्टेज पडते आणि झडप उशिरा उघडते. पेट्रोलची झडप अशी मागे राहणे सर्वांत घातक. सीलबंद कनेक्टरचा, राळेत बुडवलेल्या सर्किटचा नियंत्रक निवडून तो बॉनेटखाली न लावता केबिनमध्ये लावावा आणि पावसाळ्यानंतर सर्व जोड तपासावेत.

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनात मूळ रचनेबाहेरचे बदल करण्यास मनाई आहे. त्यामुळे मुंबई-गोवा महामार्गावर किंवा घाटात हा वापर कायद्यात बसत नाही, तो बंदिस्त धावपट्टीपुरताच. सिलिंडरना गॅस सिलिंडर नियम २०१६ लागू होतात.